पाठीवरचे ओझे आणि पाठीवरचे यंत्र

डोक्यावर पाटी किंवा घागर घेण्यापूर्वी जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून ती माथ्यावर ठेवण्याची युक्ती ज्या अनाम स्त्रीला प्रथम सुचली, तिचे नाव कोणत्याही शास्त्रग्रंथात नोंदलेले नाही. तथापि कष्टकऱ्याच्या देहाला आधार देणाऱ्या, अंगावर धारण करावयाच्या साधनांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याचा आरंभ तिच्यापासूनच करावा लागेल. चुंबळीने ओझे रतीभरही कमी होत नाही. ते माथ्याच्या एका बिंदूवर न टोचता सर्वत्र पसरावे, एवढेच काम ती करते. आज जपानात, युरोपात आणि अमेरिकेत शेतमजुरांच्या पाठीवर, खांद्यांवर आणि कमरेभोवती बांधण्याची जी नवी आधारयंत्रे तयार होत आहेत, ती तत्त्वतः या चुंबळीचीच वंशज होत. ही यंत्रे आपल्याकडे येणार, हे निश्चित. ती येण्यापूर्वी त्यांच्याविषयी काही गोष्टींचा स्पष्ट विचार होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्रजीत या साधनांना ‘एक्झोस्केलेटन’, म्हणजे शरीराबाहेरचा सांगाडा, असे म्हणतात. त्यांचे ठोकळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वीज नाही आणि इंजिनही नाही. स्प्रिंगा किंवा लवचीक पट्टे छाती, कंबर आणि मांड्या यांना जोडलेले असतात. माणूस वाकला की ते ताणले जातात आणि तो उभा राहू लागला की साठलेली ताकद परत देऊन त्याला वर उचलतात. दुसऱ्या प्रकारात मोटर, बॅटरी किंवा दाबलेली हवा यांच्या जोरावर हे काम होते. कल्पना आजची नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ नावाचा असा एक अजस्र सांगाडा बांधावयास घेतला होता. पण त्याचे स्वतःचेच वजन इतके होते आणि त्याची हालचाल इतकी बेभरवशाची होती, की तो उपयोगात कधी आलाच नाही. मधल्या अर्धशतकात वजन उतरले, पदार्थ हलके झाले आणि जे प्रयोगशाळेत होते ते आता दुकानात मिळू लागले आहे.

पाठीला अशा मदतीची गरज का भासते, हे समजण्यासाठी फार विद्वत्ता नको; शाळेत शिकलेला तरफेचा नियम पुरे. वाकून समोरची वस्तू उचलताना ती कण्यापासून सुमारे हातभर पुढे असते, तर तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम दोन इंचांवर असतात. म्हणजे वीस किलोच्या ओझ्यासाठी त्या स्नायूंना त्याच्या आठदहा पटींनी ताण सोसावा लागतो, आणि हा सगळा दाब कमरेतील मणक्यांमधल्या गादीवर येतो. धडाचे स्वतःचे वजन त्यात आणखी मिळवावयाचे. म्हणूनच रिकाम्या हातांनी दिवसभर वाकून राहणारी खुरपणीची बाईसुद्धा संध्याकाळी सरळ उभी राहू शकत नाही. पट्ट्यांची किंवा स्प्रिंगांची यंत्रे या ताणाचा काही हिस्सा मांड्यांकडे आणि छातीकडे वळवतात. प्रयोगांत पाठीच्या स्नायूंचे श्रम त्यामुळे सुमारे दहा ते चाळीस टक्क्यांनी उतरलेले आढळले आहेत. ही बाब क्षुल्लक खास नव्हे.

पण याच प्रयोगांनी नाण्याची दुसरी बाजूही दाखविली आहे. पाठीचा भार उतरतो, तो नाहीसा होत नाही. तो छातीवर दाबतो, मांड्यांवर काचतो. चालणे, बसणे, बांध ओलांडणे, शिडी चढणे यांत अडथळा येतो. उन्हात पट्ट्यांखाली घाम साचतो. शिवाय बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या सपाट फरशीवर, तरुण माणसांवर आणि थोड्या वेळापुरते झालेले आहेत. वर्षानुवर्षे ही साधने वापरल्याने पाठीचे विकार खरोखर घटतात, हे सिद्ध व्हावयाचे आहे. तेव्हा या यंत्रांचे गुणगान करणाऱ्यांनी आपला स्वर थोडा खाली आणला, तर सत्याची हानी होणार नाही.

या यंत्रांचा शेतीत शिरकाव व्हावा यासाठी सर्वांत मोठी खटपट जपानात झाली, याचे कारण उघड आहे. त्या देशात शेती करणाऱ्यांचे सरासरी वय २०२०च्या शेती-गणनेत ६७.८ वर्षे भरले. तरुण शहरांत गेले, शेतावर म्हातारे उरले. टोकियोच्या शेतकी व तंत्रविद्येच्या विद्यापीठात या शतकाच्या आरंभीच शेतकऱ्यांसाठी शक्तिपोशाख तयार करण्याचे प्रयत्न झाले. शेतीची अवजारे बनविणाऱ्या कुबोटा कंपनीने फळबागांच्या मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरून काम करणाऱ्यांसाठी हातांना आधार देणारी चौकट बाजारात आणली. दाबलेल्या हवेच्या बळावर कंबरेला उचल देणारा एक पोशाख २०१९च्या अखेरीस सुमारे दीड लाख येनांना विकावयास निघाला. तेथे यंत्र विकत घेणारा, ते अंगावर घालणारा आणि शेताचा मालक हे तिघे बहुधा एकच असतात. आपली पाठ वाचावी म्हणून तो आपल्याच पैशाने पट्टा बांधतो आणि थकला की सोडतो. त्याला हिशेब मागणारा दुसरा कोणी नाही.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे आणि सगळा प्रश्न या निराळेपणातच आहे. नाशिकच्या द्राक्षबागांत मांडवाखाली मान मागे टाकून आणि हात उंच धरून मणी विरळणारे मजूर बागेचे मालक नसतात. त्यांतले कितीतरी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून रोजगारासाठी उतरलेले असतात. उसाच्या फडात तर हे अंतर याहूनही मोठे आहे. बीड आणि भोवतालच्या दुष्काळी जिल्ह्यांतून दरसाल लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. उसाच्या बुडख्याजवळ साखर अधिक, म्हणून कांडे जमिनीलगत तुटले पाहिजे. आणि ते जमिनीलगत तोडावयाचे तर प्रत्येक घावाला कमरेत वाकले पाहिजे. आपल्या चहाच्या पेल्यातील गोडवा असा कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीतून येतो. तोडलेल्या उसाची तीसचाळीस किलोची मोळी वाढ्याने बांधावयाची, डोक्यावर घ्यावयाची आणि फळीवरून चढत ट्रकमध्ये नेऊन टाकावयाची. हे काम बहुधा स्त्रीकडे येते. श्रमविज्ञानाच्या क्षेत्रात जगभर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतील एका सूत्राप्रमाणे सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका वेळी उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. वाकावे लागले, वळावे लागले किंवा पुनःपुन्हा उचलावे लागले, तर ती आणखी खाली येते. फडातील मोळी त्या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे, हे सांगावयास नको.

मग अशा माणसांना ही आधारयंत्रे द्यावीत, यापेक्षा अधिक पुण्यप्रद गोष्ट कोणती, असे एखादा सहृदय वाचक विचारील. आमचेही मत तसेच आहे. पण प्रथम जरा हिशेब करू. दीड लाख येन म्हणजे आपल्याकडील पाऊण लाख ते लाखभर रुपये. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढविण्याचा करार झाला आणि दर टनामागे ३६५ रुपयांच्या घरात गेला. एका ‘कोयत्या’ने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले, तर असे एक यंत्र घेण्यास त्यांची साडेतीन-चार महिन्यांची कमाई लागेल. हंगाम साधारण तेवढाच असतो. पाठी दोन, यंत्र एक आणि पोट मात्र रिकामे! साध्या पट्ट्यांची साधने याहून पुष्कळ स्वस्त होऊ शकतील हे खरे. पण ‘पैसे कोणी द्यावयाचे’ हा प्रश्न किंमत उतरल्याने सुटत नाही.

समजा, कोणी उदार होऊन ती फुकट वाटली. त्याने काय होईल? येथे मजुरी वेळेवर नाही, टनावर आहे. त्यातच मुकादमाकडून घेतलेली उचल मानेवर असते, आणि ती फिटेपर्यंत पाय मोकळा होत नाही. ज्याला टनावर पैसे मिळतात आणि ज्याच्या डोक्यावर उचल आहे, तो वाचलेले श्रम विसाव्यात घालवीत नाही. तो अधिक टन तोडतो. सर्वांनी अधिक टन तोडले की ‘आता काम सोपे झाले आहे’ असे म्हणून पुढच्या करारात दर दाबून धरता येतो. मोळी चाळिसाची पन्नास किलोंची होते. शेवटी मजुराची पाठ पूर्वी होती तेथेच येते, आणि यंत्राने वाचविलेली शक्ती कारखान्याच्या काट्यावर जाऊन पडते. चुंबळीचे आजवर हेच झाले आहे. तिने माथा वाचविला, पण माथ्यावरचे ओझे कुठे कमी झाले? चुंबळ आहे म्हणूनच एवढे ओझे डोक्यावर देता आले, असेही म्हणता येईल.

कष्टाचा हिशेब जेव्हा देहावर सोडून दिला जातो, तेव्हा देह स्वतःला कसा कापून काढतो, हे बीड जिल्ह्याने आपणांस दाखविले आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडीस जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अज्ञान होते, उपचारांची उणीव होती, काही ठिकाणी पैशाचा लोभही होता. पण खाडा परवडत नाही, दुखणे परवडत नाही, हे सर्वांच्या मुळाशी असलेले कारण विसरता येणार नाही. ज्या व्यवस्थेत विश्रांतीला दंड आहे, तेथे पाठीला बांधलेली स्प्रिंग विश्रांती देऊ शकत नाही.

आणखीही एक धोका आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. तेव्हा मजुरांनी संरक्षक पोशाख घातले नव्हते, हा मुद्दा वारंवार पुढे करण्यात आला. विदर्भातील दमट उकाड्यात, छातीइतक्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन तो पोशाख अंगावर ठेवता येतो की नाही, हे विचारण्याची आवश्यकता फारच थोड्यांना वाटली. उद्या आधारयंत्रांच्या बाबतीत हेच होणार नाही कशावरून? यंत्र दिले होते, त्याने ते घातले नाही, सबब दोष त्याचा, असा निवाडा करणे किती सोपे आहे! जे साधन मजुराच्या मदतीसाठी आणले, तेच मालकाची जबाबदारी झटकण्याचे साधन होऊन बसेल.

पाठ वाचविण्याचा याहून साधा मार्ग आहे काय? आहे, आणि तो जगाने पाहिला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील शेतांवर बहुतांशी मेक्सिकन मजुरांना लेट्यूस व बीटच्या वाफ्यांत जेमतेम हातभर दांड्याची कुदळ वापरावी लागे. ती हाती घेतली की दिवसभर कमरेत दुमडून चालावे लागे. बागायतदारांचे म्हणणे असे की, लांब दांड्याने काम नेमके होत नाही, कोवळी रोपे तुटतात. मजूर म्हणत, कोण विसावण्यासाठी सरळ उभा राहिला हे मुकादमाला दुरून दिसावे, म्हणून दांडा आखूड आहे. डॉक्टरांनी या कुदळीने मणके कसे कायमचे निकामी होतात याच्या साक्षी दिल्या. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निर्णय दिला आणि ती कुदळ बंद झाली. लेट्यूसची शेती बुडाली नाही. दांडा तेवढा लांब झाला! बॅटरी नव्हती, स्प्रिंग नव्हती. एका लाकडी दांड्याने आणि एका निर्णयाने हजारो पाठींना सरळ होता आले. आमच्या शिवारांत उकिडवे बसून आखूड मुठीच्या खुरप्याने पाळीवर पाळी खुरपणाऱ्या लक्षावधी बायका ही हकीकत ऐकतील, तर त्यांना ती परदेशाची वाटणार नाही.

ओझ्याची मर्यादा कायद्याने ठरविता येते, हे तत्त्व आपणांसही नवे नाही. दुखापत होईल इतके जड ओझे कोणालाही उचलावयास लावू नये, असे १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३४व्या कलमात स्पष्ट म्हटले होते. तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेत विलीन झाला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये याच विषयावर करार केला व प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचविली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून बाजारपेठेतील हमालाला आधार दिला, ही या राज्याची भूषणास्पद गोष्ट होय. परंतु साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ज्या पोत्याचे वजन कायद्याच्या नजरेत येते, त्याच कारखान्यासाठी फाटकाबाहेर फडात उचलल्या जाणाऱ्या मोळीचे वजन कोणाच्याच नजरेत येत नाही. कायद्याची दृष्टी कुंपणापाशी का थांबावी?

ओझे मुळातच हलके करणे अशक्य असते, असेही नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने युरियाचे पोते ५० किलोंवरून ४५ किलोंवर आणले. हेतू खताचा वापर कमी व्हावा हा होता, पाठीचा विचार त्यात नव्हता. तरी एका हुकुमासरशी देशभरातील पोती पाच किलोंनी हलकी झाली. हेतू नसताना जे झाले, ते हेतू धरून का होऊ नये?

या सर्वांवर एक आक्षेप येईल, त्याचाही विचार केला पाहिजे. ऊस तोडणारी मोठी यंत्रे येतच आहेत. मग उद्या नाहीशा होणाऱ्या मजुरासाठी आज एवढा खटाटोप कशाला, असे काही व्यवहारी गृहस्थ म्हणतील. २०२३ मध्ये राज्याने अशा यंत्रांच्या खरेदीसाठी ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आखली, हे खरे. पण लहान तुकड्यांच्या शेतांत, अरुंद सऱ्यांत आणि लोळलेल्या उसात ते धूड चालत नाही. कोयता अजून कित्येक हंगाम चालणार आहे, आणि एवढ्या हंगामांत एका माणसाची पाठ कायमची जाण्यास भरपूर वेळ मिळतो. शिवाय एका यंत्राच्या मालकाला ३५ लाखांचे साह्य देणाऱ्या राज्याने, ज्यांच्या पाठीवर हा धंदा उभा राहिला त्यांच्या पाठीसाठी काय खर्च केला, हा प्रश्न विचारणे अव्यवहारी ठरू नये.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. हाताने करावयाचे कष्ट पवित्र असतात, असे खुर्चीत बसून सांगणाऱ्यांच्या पंक्तीतही आम्ही बसत नाही. कष्ट कमी झालेच पाहिजेत. आमचे म्हणणे क्रमासंबंधी आहे. आधी मोळीच्या वजनाची मर्यादा ठरवावी, आणि ती कारखान्याबरोबरच्या तोडणी-करारात लेखी यावी. स्त्रियांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी ती वेगळी असावी. फळीवरून डोक्याने भरण्याऐवजी साध्या उचल-यंत्राने ट्रक भरण्याची सोय कारखान्यांनी करावी. त्यानंतर आधारयंत्रे जरूर आणावीत. पण त्यांचा खर्च कारखान्यांनी व ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या कल्याण महामंडळाने सोसावा, तो मजुराच्या उचलीत मिळवू नये. यंत्र घालण्याची सक्ती असू नये आणि न घातल्याबद्दल दोष असू नये. त्याच्या नावाखाली दर उतरविता येणार नाही, असे करारात नमूद व्हावे.

यंत्रही येथल्या देहाला येथेच बेतले पाहिजे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने देशातील बारा हजारांहून अधिक शेतमजुरांची शरीरमापे घेऊन ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. म्हणजे आपल्या माणसाची उंची, रुंदी आणि ताकद आपणांस ठाऊक आहे. आमच्या कृषी विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण संस्थांनी ती मापे समोर ठेवून, काष्टा घातलेल्या बाईला उन्हात चार तास अंगावर ठेवता येईल आणि गावच्या लोहाराला किंवा शिंप्याला दुरुस्त करता येईल, असा पट्टा तयार करावा. त्याची परीक्षा फरशीवर नव्हे, फडात व्हावी. आणि परीक्षेत गुण देण्याचा पहिला अधिकार घालणाराचा असावा.

मुंबई-पुण्यातील आमच्या वाचकाला पाठ दुखू लागली की तो खुर्ची बदलतो, डॉक्टर गाठतो, दोन दिवस रजा घेतो. त्याला रजेचा हक्क आहे, म्हणून त्याच्या पाठीला औषध लागू पडते. फडातल्या बाईला प्रथम हा हक्क मिळू द्या. मग स्प्रिंगांचा पट्टा तिच्या उपयोगी पडेल. नाहीतर शास्त्रज्ञांनी मोठ्या बुद्धीने घडविलेले हे यंत्रही आणखी एक ओझे होऊन तिच्याच पाठीवर बसेल, आणि तेवढ्याने प्रगती झाली असे समजून आपण निश्चिंत राहू.